कोरी प्रस्तावना

१

दुपारची भांडी आटोपली आणि सदाशिवराव दिवाणावर आडवे झाले, की वच्छलाबाई गावंडे पुढच्या खोलीत सतरंजी टाकून पुस्तकं तपासायला बसत. नवीकोरी पुस्तकं, त्यात काय तपासायचं, असं ज्याला वाटत असेल त्यानं राजकुमारच्या प्रेसमधून एकदा काही छापून घ्यावं. राजकुमार माणूस सोन्यासारखा, पण त्याचा बायंडर एखाद्या प्रतीत सोळा पानांचा अख्खा फॉर्म उलटाच शिवून टाकायचा. म्हणून वच्छलाबाई एकेक प्रत हातात घेत, अंगठ्यानं पानं फरफर सोडत आणि नीट असली तर भिंतीकडच्या थप्पीवर ठेवत.

पुस्तकाचं नाव ‘फलाटावरच्या बाया’. वच्छलाबाईंनी सारी नोकरी यवतमाळच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत काढली होती. राळेगावची गाडी कधी, वणीची लागली का, असं विचारता विचारता खिडकीबाहेरच्या बायांनी त्यांना जे जे सांगून टाकलं, ते त्यांनी निवृत्तीनंतर लिहून काढलं. त्या बाया जशा बोलल्या तसंच, वऱ्हाडीत. पुण्याच्या एका प्रकाशकानं ते लिखाण पुष्कळ दिवस दाबून ठेवलं आणि मग कळवलं, की गोष्टींत जीव आहे, पण भाषा शुद्ध करून घ्यावी लागेल, आणि एखाद्या मान्यवराची प्रस्तावना आणलीत तर विचार करता येईल.

वच्छलाबाईंचं डोकंच फिरलं. “माही लालीबाई तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन राजूरच्या गाडीत बसली, तं ते काय पुण्याच्या भाषेत बसली का?” असं त्यांनी फोनवर सुनावलं, लिखाण परत मागवलं आणि स्वतःच छापायचं ठरवलं.

त्यावर गावातल्या शहाण्यांनी काय नाकं मुरडली म्हणता. पैसे टाकले की कोणीही छापतो, लग्नाची पत्रिका छापली म्हणून कोणी लेखक होतो का, इथपर्यंत बोलणं गेलं. वाचनालयाचे सचिव मधुसूदनराव सज्जन गृहस्थ, घरात तीन पिढ्यांची वकिली, तेसुद्धा अवघडून म्हणाले, “ताई, प्रकाशक नाही, प्रस्तावना नाही. अशा पुस्तकाच्या प्रकाशनाला आपला हॉल देता येत नाही हो. कार्यकारिणीचं तसं धोरणच आहे.”

वच्छलाबाईंना या जगाकडून एकच गोष्ट पाहिजे होती. आपलं पुस्तक आपल्या नावानं, आपल्या बोलीत, कोणाचीही शिफारस न घेता उभं राहावं. एवढ्याचसाठी त्या साऱ्यांशी भांडून बसल्या होत्या.

२

त्या भांडणाच्या भरात त्यांनी प्रेसमध्ये एक आगाऊपणा केला होता, तो आधी सांगायला हवा.

राजकुमारच्या कॉम्प्युटरवर पुस्तकाचा एक साचा कायमचा तयार असायचा. आधी अर्पणपत्रिका, मग ‘प्रस्तावना’ असा मोठा मथळा आणि त्याखाली मोकळी पानं, मग अनुक्रमणिका. जिल्ह्यातले झाडून सारे कवी त्याच साच्यातून बाहेर पडले होते. वच्छलाबाईंची पानं लावताना राजकुमारनं विचारलं, “काकू, प्रस्तावना कोनाची हाय? मजकूर आनला का?”

“कोनाचीच नाही.”

“मंग हे पानं काढून टाकतो. पन काकू, आजपावतो बिनाप्रस्तावनेचं पुस्तक माह्या प्रेसातून निघालं नाही. मले तं कसंतरीच वाटून राह्यलं.”

आता खरं म्हणजे तिथं मुकाट्यानं ‘काढ बाप्पा’ म्हणायचं. पण वच्छलाबाईंच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलेलं. त्या म्हणाल्या, “काढू नको. मथळा तसाच ठेव, नं खालचे पानं कोरे सोड. लोकायले दिसू दे, का हिनं कोनाजवळून काही लिहून घेतलं नाही.”

राजकुमार हसला. त्यालाही त्यात मजा वाटली. तशी ती पानं छापली गेली: वर ठळक अक्षरांत ‘प्रस्तावना’ आणि खाली पांढरा कागद. प्रेसमधून पहिली प्रत हातात आली तेव्हा वच्छलाबाई ती कोरी पानं किती वेळ पाहत राहिल्या होत्या. भल्याभल्यांना बसवलेली चपराक होती ती, आणि मनातून त्या भारीच खूश होत्या.

आणि आता, सतरंजीवर बसून प्रती तपासताना, त्यांच्या अंगठ्याखालून ते पान गेलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पान पुन्हा काढलं. ‘प्रस्तावना’ या मथळ्याखाली एक ओळ होती.

‘प्रस्तुत संग्रहाच्या लेखिकेची आणि माझी ओळख तशी अलीकडचीच.’

३

वच्छलाबाई घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. स्टँडवर दारुड्यांना त्यांनी खिडकीतून हात घालून बखोटीला धरलेलं. त्यांनी आधी विचार केला तो सरळ हिशेबाचा: राजकुमारच्या साच्यात कोणा कवीच्या प्रस्तावनेची ओळ राहिली असेल, ती या एका प्रतीत छापली गेली. त्यांनी दुसरी प्रत उघडली. तिच्यातही होती. तपासून थप्पीवर ठेवलेल्या प्रती उघडल्या. तपासताना त्यांतलं ते पान कोरं होतं, हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या, पण आता प्रत्येकीत तीच ओळ होती.

त्यांनी राजकुमारला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, फाईल समोरच उघडी हाय माह्या. मथळ्याखाली काहीच नाही. प्लेटीवरबी नव्हतं. तुमचा चष्म्याचा नंबर वाढला असंन.”

चष्म्याचा नंबर वाढून अक्षरं पुसट होतात. कोऱ्या कागदावर नवी दिसत नाहीत, एवढं वच्छलाबाईंना कळत होतं. तरी त्यांनी चष्मा पदरानं पुसला, गॅलरीत जाऊन उन्हात पान धरलं. शाई सुकलेली, अक्षर बाकीच्या पुस्तकाचंच. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या आणि शेजारच्या कांताबाई गच्चीवर तुरीची डाळ वाळत घालत होत्या. इतकं सारं जिथल्या तिथं असताना हातातलं हे एक पान तेवढं भलतंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एका ओळीचा परिच्छेद झाला होता.

‘लेखिकेची भाषा ओबडधोबड आहे. तिच्यावर योग्य वयात योग्य संस्कार झाले असते तर, असे वाटून जाते. तथापि ग्रामीण स्त्रीच्या अनुभवविश्वाचा एक दस्तऐवज म्हणून या लेखनाकडे सहानुभूतीने पाहावयास हरकत नसावी.’

हे वाचून भीती बाजूलाच राहिली आणि वच्छलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कोन व्हय रे तू मले सहानुभूती देनारा?” त्या पुस्तकाला म्हणाल्या.

आणि तेव्हा खोलीत कोणीतरी खाकरलं.

ते खोकणं नव्हतं. भाषणाला उभा राहिलेला माणूस माइक जवळ ओढून, सभेकडे एकवार पाहून जसा खाकरतो, तसं ते होतं. शांत, सावकाश, आपल्याला ऐकलं जाणारच अशा खात्रीचं. थप्पीच्या बाजूनं आलं. तिथं भिंत होती, भिंतीला टेकून पुस्तकं होती, आणि दुसरं काही नव्हतं.

मधल्या खोलीतून सदाशिवरावांचा झोपेतला आवाज आला, “कोन पाहुने आले व? चहा मांड ना.”

४

सदाशिवरावांना सारं सांगून झालं तेव्हा त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि शांतपणे ती पानं वाचली. जन्मभर तलाठ्याची नोकरी केलेला माणूस, कागद दिसला की आधी वाचणार. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “लिहिलं तं चांगलं हाय.”

“चांगलं? मले अडानी म्हनून राह्यला तो.”

“तसं नाही व. मंजे वजनदार हाय. मोठा मानूस दिसते.”

आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, साऱ्यांचंच तसं झालं. कांताबाई एक प्रत घेऊन गेल्या आणि संध्याकाळी येऊन म्हणाल्या, “बाई, काय लिहिलं हो सुरवातीले! कोनाजवळून लिहून आनलं?” गोष्टी वाचल्या का, असं विचारल्यावर म्हणाल्या, वाचते ना, सवडीनं वाचते. प्रेसवर नेऊन दाखवलं तर राजकुमारनं आधी डोळे फाडले, मग वाचत गेला, आणि शेवटी म्हणाला की काकू, मले काही समजत नाही, पण आता पुस्तक कसं पुस्तकासारखं दिसून राह्यलं. ते कुठून आलं याची त्याला जेवढी काळजी वाटायला हवी होती तेवढी वाटेना. कोणालाच वाटेना. पान कोरं होतं तेव्हा सगळ्यांना खटकलं होतं. आता ते भरल्यावर साऱ्यांचा जीव भांड्यात पडला होता.

मधुसूदनराव तर घरी आले. स्वतः आले, बायकोनं दिलेले बेसनाचे लाडू घेऊन आले. पुस्तक त्यांनी कांताबाईंकडे पाहिलं होतं.

“ताई, तुम्ही आधी का नाही बोललात? इतकी साक्षेपी प्रस्तावना आजकाल वाचायला मिळत नाही हो. खाली नाव नाही अजून, ते राहिलंय वाटतं. पण लेखणी अनुभवी आहे. हॉलचं मी बोललोय सगळ्यांशी. आता काही अडचण नाही. रविवारी चार वाजता करू.”

“मधुसूदनराव, तुम्ही गोष्टी वाचल्या?”

“प्रस्तावनेत त्यांचा इतका सुंदर परामर्श घेतलाय,” ते म्हणाले, “की वाचल्यासारख्याच आहेत.”

वच्छलाबाईंनी लाडवाचा डबा रिकामा करून, धुऊन परत दिला. रीत ती रीत. पण ते गेल्यावर त्या आपला चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. हॉल मिळाला होता, मान मिळत होता, गावाची नाकं सरळ झाली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. वाटलं असेल का त्यांना, की बसावं? वाटलं. खोटं कशाला बोलायचं, एक घोटभर चहा थंड होईपर्यंत त्यांना तसं वाटलं.

मग त्यांनी कप मोरीत ओतला आणि पुढच्या खोलीत जाऊन एका प्रतीतली ती पानं टराटरा फाडून काढली.

५

फाडलेली पानं त्यांनी परसात जाळली. नुसत्या कागदासारखी जळली. ती फाटकी प्रत उशाशी ठेवून त्या झोपल्या. सकाळी उघडली तेव्हा तिच्यात प्रस्तावना पुन्हा होती, पण पानं परत आलेली नव्हती. अनुक्रमणिकेच्या पुढे त्यांची पहिली गोष्ट होती ना, लालीबाईची? तिच्या पानांवर आता ‘प्रस्तुत संग्रहाच्या लेखिकेची आणि माझी ओळख’ चाललं होतं. लालीबाईची गोष्ट त्या प्रतीत कुठेच नव्हती.

तेव्हा मात्र वच्छलाबाई थप्पीकडे धावल्या. त्यांनी हाताला लागेल त्या प्रतीतून लालीबाईची गोष्ट शोधली. बाकीच्या प्रतींत होती, जशीच्या तशी. म्हणजे फाडायची सोय नव्हती. त्याची जागा काढून घेतली की तो पुढच्या घरात सरकणार होता.

आता त्या मनातल्या मनातही ‘तो’ म्हणायला लागल्या होत्या. ते त्यांच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही.

राजकुमारकडे जाऊन नवं छापून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. पण नवं पुस्तकही त्याच्या त्याच साच्यातून निघणार होतं ना. आणि रविवार परवावर आला होता.

प्रस्तावना आता शेवटच्या पानावर पोचली होती. खाकरणं रोजचं झालं होतं. सदाशिवराव त्या खोलीत जायचे बंद झाले होते. वर्तमानपत्र स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचत आणि विचारलं तर म्हणत की इथं उजेड चांगला हाय. कधी थप्पीपाशी कापड सरसरायचं, खादीला कडक इस्त्री असली की माणूस हलल्यावर येतो तो आवाज. वच्छलाबाई मुद्दाम तिथंच बसून तुरीच्या शेंगा सोलत. घर माझं आहे, मी बसणार, तुला जायचं तर जा, असा त्यांचा त्यामागे रोख.

शनिवारी दुपारी त्यांनी शेवटचं पान वाचलं.

‘कै. वच्छलाबाईंचे हे पहिले आणि एकमेव पुस्तक. प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक प्रमुख पाहुण्यांच्या हाती सोपवून त्या कृतार्थ मनाने खुर्चीत बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. लेखिका म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्राला व्हावी, ही जबाबदारी आता आमच्यावर आहे.’

त्याखाली ‘यवतमाळ’ आणि रविवारची तारीख. नावाची जागा तेवढी कोरी होती.

६

“रद्द कर,” सदाशिवराव म्हणाले. हा माणूस बायकोशी कधी असं हुकमानं बोलत नसे. हात त्यांनी धोतराच्या काठात लपवले होते. “फोन लाव त्या मधुसूदनले. तब्येत बिघडली म्हन. सारे पुस्तकं विहिरीत टाकून देऊ.”

“नं मंग?”

“मंग काय? जित्ती राहशीन.”

वच्छलाबाई त्यांच्यासमोर पाट ओढून बसल्या. “तुमी आयका माहं. आज भेऊन रद्द केलं, तं मी त्यानं लिहिल्यापरमानंच वागली ना? तो म्हनते हे अडानी बाई, एकच पुस्तक लिहिलं नं सपली. मी घरात लपली तं ते खरंच होते. मी तठी जाईन. मी म्हनीन माह्या तोंडानं माही गोष्ट.”

“पन पुस्तक पाहुन्याच्या हाती देल्लं का...”

“पाहुना बोलावलाच कोन? मी मधुसूदनरावाले साफ सांगतलं, का पाहुना नको, अध्यक्ष नको. कोनाच्याच हाती द्यायचं नाही मले.”

पुढच्या खोलीत कोणीतरी खाकरलं. दोघांनीही ऐकलं. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि उठून दोन खोल्यांमधलं दार सताड उघडं करून ठेवलं. “बोल ना,” त्या आत पाहून म्हणाल्या, “नुसता घसा साफ करतं काय? बोल.”

आत थप्पी होती, सतरंजी होती, शेंगांची सालं होती. मधल्या खोलीत सुगंधी सुपारीचा वास तेवढा आला, आणि त्यांच्या घरात सुपारी कोणी खात नव्हतं.

त्या रात्री वच्छलाबाई गाढ झोपल्या असं सदाशिवराव नंतर सांगत. पण त्यांचं कपाळ गार होतं आणि मुठी वळलेल्या होत्या, हेही तेच सांगत.

७

रविवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बरीच माणसं जमली. गावातले शहाणे पुढच्या रांगेत, कांताबाई आणि लेआउटातल्या शेजारणी मधे, आणि मागे भिंतीशी, बसायचं की उभं राहायचं अशा संकोचात, स्टँडवरच्या चारदोन बाया. लालीबाई आली होती. राजूरहून दोन गाड्या बदलून आली होती, तिचं ते लेकरू आता कॉलेजात होतं.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. मधली उंच पाठीची, तिच्यावर पांढरा टॉवेल.

“हे तिसरी कायले?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“अरे हो,” मधुसूदनराव म्हणाले, “सवयीनं मांडली बघा.” त्यांनी स्वतः ती उचलली आणि स्टेजच्या मागे नेऊन ठेवली. वच्छलाबाईंनी ती जाताना पाहिली, मागचं दार लागताना पाहिलं. मग दीप लागला, स्वागत झालं. मधुसूदनराव माइकवर बोलायला लागले. किती प्रकाशनं या माणसानं पार पाडली असतील त्याची गणती नाही, त्यामुळे त्याचं तोंड आपोआप चालत होतं, नळ सोडल्यासारखं. कोणी लिहिलं, किती कष्टानं लिहिलं, प्रस्तावना कशी मौलिक. आणि त्याच ओघात, त्याच सुरात, हातवारेसुद्धा तेच, ते म्हणाले:

“आता मी आपल्या प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो, की त्यांनी आपल्या शुभहस्ते या पुस्तकाचं प्रकाशन करावं.”

बोलून झालं आणि त्यांचा चेहरा पडला. आपण काय बोललो हे त्यांना कळलं होतं. पण सभेनं टाळ्या वाजवल्या. अशा वेळी वाजवतात, म्हणून वाजवल्या. पुढच्या रांगेतले दोघे तर पाहुण्यासाठी जसं अर्धवट उठतात तसे उठले.

स्टेजच्या मधोमध कोणीतरी खाकरलं.

वच्छलाबाईंच्या हातात पुस्तक होतं, लाल रिबिनीत बांधलेलं. त्यांनी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना उंच पाठ दिसली, पांढरा टॉवेल दिसला, आणि त्या टॉवेलापुढून त्यांच्याकडे आलेली एक बाही दिसली. परीटघडीची, मनगटाशी बटण लावलेली. बाहीतून हात पुढे आला होता. स्वच्छ, नखं कापलेला, कष्टाचं काम कधी न केलेला हात. तळवा वर करून, घाई न करता, तो पुस्तक मागत होता. त्या तळव्यावर एकही रेघ नव्हती.

पुढच्या रांगेत सदाशिवराव होते. ते वच्छलाबाईंकडे पाहत नव्हते. स्टेजवरच्या मधल्या जागेकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

वच्छलाबाईंना बसावंसं वाटत होतं, इतकं की काय सांगू. जन्मभराचा थकवा एकदम पायांत उतरल्यासारखा झाला. त्यांची स्वतःची खुर्ची मागेच होती, टेकलं की झालं. पुस्तक हातातून जाऊ पाहत होतं. ते कोणी ओढत नव्हतं. जड तेवढं झालं होतं, आणि समोर घ्यायला हात होता. आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

त्यांनी दातानं रिबीन तोडली.

“मधुसूदनराव, सरका,” त्या म्हणाल्या आणि माइकपाशी गेल्या. आवाज फाटला, त्यांनी पुन्हा सुरू केलं. “मी वच्छला गावंडे. हे पुस्तक म्या लिहिलं. कोनी लिहून घेतलं नाही, कोनी सुधरवलं नाही. ह्याच्या समोरचे जे पानं हायेत, ते म्या मांगतले नव्हते, नं त्यातला एकबी शब्द मले मान्य नाही. त्यात लिहिलं का मी मेली.” त्यांनी पुस्तक वर धरलं. “मी तुमच्यासमोर उभी हावो. पुस्तकाचं प्रकाशन माह्याच हातानं झालं, असं मी सांगून राह्यली. आता गोष्ट आयका.”

त्यांनी प्रस्तावनेची पानं एकत्र धरून अंगठ्याखाली दाबली आणि पहिली गोष्ट उघडली. लालीबाई लेकरू घेऊन खिडकीपाशी येते, तिथून. पहिल्या ओळीला त्या अडखळल्या. दुसरीला सावरल्या. मागे भिंतीशी उभी असलेली खरी लालीबाई एकदम मोठ्यानं म्हणाली, “हो माय, असंच झालतं,” आणि मग कोणीतरी हसलं, कोणीतरी डोळे पुसले, आणि पुढच्या रांगेतले ते दोघे खाली बसले.

वच्छलाबाई वाचत होत्या. अंगठ्याखालची पानं सुटायला बघत होती, त्या दाबून धरत होत्या. त्यांनी एकदाही बूड टेकवलं नाही. पहिली गोष्ट संपली तेव्हा सदाशिवराव उठले. त्या मधल्या जागेला वळसा घालून, भिंतीला चिकटत, पाण्याचा पेला घेऊन वर आले. वच्छलाबाई उभ्यानंच पाणी प्याल्या.

“झालं ना आता?” सदाशिवराव हळूच म्हणाले. “चाल घरी.”

खिडकीतून आलेलं ऊन अजून भिंतीवर होतं. रविवार संपायला वेळ होता. डावीकडे ती बाही तशीच होती, हात तसाच पुढे होता, तळवा वर करून, कितीही वेळ थांबायची तयारी असलेला.

“नाही,” वच्छलाबाई म्हणाल्या, “अजून लय गोष्टी हायेत माह्याजवळ,” आणि त्यांनी पान उलटलं.